वुड, कुड, शुड: सोसायटीच्या नोटिशीपासून कोर्टापर्यंत

करवंद | गुरु, रात्री ९:२०

मंडळी, इथे इंग्रजीतले जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतेय.

कोथरूडात आमची जुनी सोसायटी आहे आणि यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. मागे टाकी धुवायची होती तेव्हा मॅनेजरने वर्षानुवर्षांच्या नमुन्यावरून नोटीस छापून लिफ्टशेजारी डकवली. मजकूर असा: 'वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड ऑन संडे. मेंबर्स शुड नॉट यूज वॉशिंग मशीन्स.' संध्याकाळपर्यंत कुणीतरी निळ्या पेनाने 'वुड' खोडून 'विल' केलं. रात्री त्याखाली लाल पेनाने 'वुड इज मोअर पोलाइट' असा शेरा उमटला. आणि रविवारी तळमजल्यावरच्या काकांनी खुशाल मशीन लावलं. विचारलं तर म्हणाले, "शुड नॉट लिहिलंय, मस्ट नॉट नाही. सल्ला होता, मी मानला नाही."

आता पार्किंगचे पट्टे रंगवायचे आहेत आणि ती नोटीस मी लिहिणार आहे. वुड खरंच विलपेक्षा नम्र असतं का? आणि गाड्या हलवा हे सांगायला शुड, मस्ट, शॅल यांतलं काय? "मराठीत लावा" हा सल्ला कृपया नको. मराठीत लावतोच, पण निम्मे भाडेकरू बाहेरचे आहेत.

खट्याळ_खार | गुरु, रात्री ९:३१

आधीची नोटीस दुपारी एक ते चारमध्ये लावली होती का? मग कुणी वाचलीच नसणार.

तिखटमीठ | गुरु, रात्री ९:३३

खार, हा विनोद आता पेन्शनीत निघाला. मुद्द्यावर या.

शेंगदाणा | गुरु, रात्री १०:०५

माझं मत निळ्या पेनाला.

हिंजवडीत टेक्निकल रायटर आहे, लोकांचे वुड खोडण्यावर माझं घर चालतं. 'द रिलीज वुड बी अव्हेलेबल ऑन मंडे' असं पुण्याहून गेलं की तिकडचा माणूस थबकतो. वुड बी म्हणजे? कशावर अडलंय? आपल्याकडून मात्र ते आदबीने लिहिलेलं असतं. ठरलेल्या गोष्टीला विल. यात पोलाइटबिलाइट काही नाही.

कुड त्याहून महागात पडतो. आमच्या टीममधल्या एका पोराने रात्रभर जागून बग काढला आणि सकाळी क्लायंटला लिहिलं, 'वुई कुड फिक्स द इश्यू.' त्याच्या मनात होतं, 'आम्हाला तो दुरुस्त करता आला.' तिकडून उत्तर आलं, 'ग्रेट, प्लीज गो अहेड.' त्यांनी वाचलं, 'म्हणाल तर करू शकतो.' बिचाऱ्याची अख्खी रात्र हिशोबातच धरली नाही.

तर एकदाच घडलेली, पार पडलेली गोष्ट सांगायची असेल तर होकारार्थी वाक्यात कुड टाळा. 'वुई वेअर एबल टू फिक्स इट', 'वुई मॅनेज्ड टू फिक्स इट', नाहीतर सरळ 'वुई फिक्स्ड इट'. नकारात कुडन्ट बिनधास्त चालतं. पूर्वी अंगात असलेली क्षमता सांगायलाही कुड चालतं: 'माय ग्रँडफादर कुड स्विम अक्रॉस द मुठा.' पण आजोबांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरातलं शिवणयंत्र वाचवलं, हे सांगायचं असेल तर 'ही वॉज एबल टू सेव्ह द सूइंग मशीन'. तिथे कुड लिहिलंत तर यंत्र वाचलं की नाही हे कळतच नाही.

सी, हिअर, रिमेंबर वगैरे क्रियापदांना सूट आहे. 'आय कुड हिअर द रिव्हर' म्हणजे ऐकू येतच होती.

करवंद | गुरु, रात्री १०:१४

शेंगदाणा, कुडचं पटलं. पण मग 'वुड यू प्लीज' म्हणतात ते? ते तर नम्रच आहे ना? लाल पेनवाल्यांचा तोच युक्तिवाद आहे.

निवृत्त_मास्तर | शुक्र, सकाळी ६:४०

करवंदताई, तुमचा प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे. पस्तिशीतल्या पिढीला आम्ही मास्तरांनीच एक तक्ता पाठ करायला लावला: विलचा भूतकाळ वुड, कॅनचा कुड, मेचा माइट, शॅलचा शुड. तक्ता खोटा नाही, उत्पत्तीच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्याचा उपयोग मुख्यतः 'ही सेड दॅट' सुरू झालं की. बाकी बहुतेक वेळी या चार रूपांना भूतकाळ समजून चाललात की गाडी घसरते.

यांचं खरं काम अंतर दाखवण्याचं आहे. काळाचं अंतर हा त्यातला एक प्रकार. दुसरं, वास्तवापासूनचं अंतर: 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' वेळ आजच नाहीये, काल नव्हे. तिसरं अंतर दोन माणसांमधलं, म्हणजे अदब.

हे परकं वाटण्याचं कारण नाही, आपण मराठीत रोज तेच करतो. बँकेत काउंटरपाशी उभं राहून "एक विचारायचं होतं" म्हणतो. विचारायचंय तर आत्ता, पण म्हणतो 'होतं'. "जरा काम होतं तुमच्याकडे." फोनवर "काय नाव म्हणालात?" माणसाचं नाव काही काल बदललेलं नसतं! क्रियापद एक पाऊल मागे घेतलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते, आणि ती जागा देणं म्हणजेच नम्रता. 'वुड यू ओपन द विंडो' यातला वुड ही तीच जागा ठेवतो: तुमची इच्छा असेल तर.

आता नोटिशीकडे या. टाकी रविवारी धुतली जाणार हे ठरलेलं. त्यात वाचणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न नाही, कुठलंही 'जर' नाही. मग वुड कुणासाठी मागे सरतोय? कुणासाठीच नाही. म्हणून ते वाक्य इंग्रजाच्या कानाला 'पाणी बंद राहिलं असतं' असं अर्धवट ऐकू येतं आणि तो पुढच्या 'पण'ची वाट बघत बसतो.

लाल पेन विनंतीबद्दल बरोबर आहे, घोषणेबद्दल नाही.

तिखटमीठ | शुक्र, सकाळी ८:०२

मास्तर, दंडवत. "एक विचारायचं होतं" हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पहाटपाखरू | शुक्र, सकाळी ८:४५

नवी पेठेतल्या अभ्यासिकेतून लिहितोय, एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेची तयारी चालू आहे. सर, दोन शंका. या क्रियापदांना तृतीयपुरुषी एस का लागत नाही? ही गोज होतं, मग ही कॅन्स का नाही? क्लासमध्ये सांगतात नियम आहे, लिहून घ्या. आणि मस्टचा भूतकाळ काय?

निवृत्त_मास्तर | शुक्र, सकाळी ११:१०

पहाटपाखरू, नियमामागे गोष्ट आहे आणि ती कळली की पाठ करावं लागत नाही. कॅन, मे, शॅल ही आज वर्तमानकाळी वाटणारी रूपं फार जुन्या काळी स्वतःच भूतकाळी होती. भूतकाळी रूपाला तृतीयपुरुषात शेपूट लागत नाही: ही सँग, ही वेंट. अर्थ सरकत सरकत वर्तमानाचा झाला, पण अंगावरचे कपडे जुनेच राहिले. मग भूतकाळासाठी नवी रूपं घडवावी लागली, ती कुड, माइट, शुड. विल हा मुळात या घरातला नव्हे, पण याच पंगतीत बसून त्याने तेच रीतिरिवाज उचलले.

कुडच्या स्पेलिंगमधला एल तर शुद्ध नक्कल आहे. वुड आणि शुडमध्ये एल खराच आहे, कारण विल आणि शॅलमध्ये तो आहे. कॅनमध्ये कुठला एल? शेजाऱ्यांकडे आहे म्हणून त्यानेही घेतला, आणि उच्चार कधी केलाच नाही.

मस्टची गंमत याहून मोठी. मस्ट हे रूपच मूळचं भूतकाळी. त्याचं वर्तमानकाळी भावंड बोलण्यातून गळून गेलं. म्हणून मस्टला आज वेगळा भूतकाळ नाही. सक्ती सांगायची तर 'आय हॅड टू गो'. अंदाज सांगायचा तर 'ही मस्ट हॅव गॉन'. पर्यायांत 'मस्टेड' किंवा 'मस्ट हॅड' दिसलं की डोळे झाकून काट मारा.

आणि एक: दोन मोडल, म्हणजे कॅन-विलसारखी ही साहाय्यक क्रियापदं, शेजारी शेजारी बसत नाहीत. 'आय विल कॅन' नाही, 'आय विल बी एबल टू'. 'कॅन एबल टू' तर पेठांपासून वाकडपर्यंत ऐकू येतं. एबल टूमध्ये कॅनचाच अर्थ आहे, त्याला पुन्हा कॅन कशाला?

शेंगदाणा | शुक्र, दुपारी १२:२५

मास्तर, किंचित पुरवणी. स्कॉटलंडच्या काही भागांत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत लोक 'आय माइट कुड डू इट' असं बोलतात. बोलीत चालतं. पेपरात लिहू नकोस रे, पाखरा.

मायक्रोमीटर | शुक्र, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे करवंदताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर मी बोलायलाच हवं.

तुमच्या तळमजल्याच्या काकांना आयएसओ ऑडिटर म्हणून घ्यायला हवं, त्यांचं अगदी बरोबर आहे! आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत सुरुवातीलाच लिहून ठेवलंय: शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. ऑडिटला बाहेरचा माणूस येतो तेव्हा तो फक्त शॅल शोधतो. शॅल असलेलं एखादं कलम पाळलं नाही की नॉन-कन्फॉर्मिटी. शुड पाळलं नाही तर फार तर सुचवून जातो.

आमच्या एका वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये 'ऑपरेटर शुड चेक द बोअर आफ्टर एव्हरी टूल चेंज' असं होतं. ऑडिटरने मशीनवरच्या पोराला विचारलं, टूल बदलल्यावर बोअर तपासलास का? पोरगं म्हणालं, "साहेब, वेळ असेल तर तपासतो." त्याचं काय चुकलं? लिहिलेलंच तसं होतं. शुडच्या जागी शॅल आलं, खाली मराठीत 'तपासलेच पाहिजे' आलं, आणि शेजारी सहीचा रकाना आला. खरा फरक रकान्याने पडला हेही कबूल करायला हवं.

शेंगदाणा | शुक्र, दुपारी २:१५

आमच्या बाजूला हेच काम एका छोट्या कागदाने केलंय. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहितात त्यातला २११९ क्रमांकाचा, मार्च १९९७ चा. त्यात मस्ट, शुड, मे यांच्या व्याख्याच दिल्यात. मस्ट आणि शॅल एकच: सुटका नाही. शुडची व्याख्या मला फार आवडते: न पाळायला सबळ कारण असू शकतं, पण परिणाम नीट समजून-उमजून मगच मोडायचं. काकांनी परिणाम समजून घेतले होते का, एवढंच विचारा.

नंतर लोकांना प्रश्न पडला, की साध्या वाक्यात सहज आलेला मेसुद्धा परवानगी धरायचा का? मग २०१७ मध्ये खुलासा आला: कॅपिटल अक्षरांत छापला असेल तरच तो नियमाचा शब्द.

काळाकोट | शुक्र, रात्री ८:३०

शिवाजीनगर कोर्टातून सप्रेम नमस्कार. वरची मंडळी शॅल म्हणजे सक्ती असं ठणकावून सांगतायत. आमच्याकडे या, भ्रम उतरेल.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आठव्या आदेशाचा पहिला नियम: समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायची, आणि कोर्टाने मुदत वाढवली तरी नव्वद दिवसांपलीकडे नाही. शब्द आहे शॅल. तरी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलं, की हे निर्देशात्मक आहे, सबळ कारण असेल तर नव्वद दिवसांनंतरही कैफियत घेता येईल. मग व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कायद्याने वाक्य आवळलं: एकशेवीस दिवसांनंतर हक्क गमावलात, आणि कोर्टही कैफियत रेकॉर्डवर घेणार नाही. तिथे २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं, हे मात्र बंधनकारक. दोन्हीकडे शॅलच होता. फरक पडला तो न पाळल्याचा परिणाम लिहिला होता म्हणून.

उलटही होतं. कायद्यात मे लिहिलेला असतो आणि न्यायालय तो शॅल म्हणून वाचतं. अधिकार दिलाय तो कुणाच्या तरी हक्कासाठी असेल तर अधिकाऱ्याला 'माझी मर्जी' म्हणता येत नाही. हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८८० सालच्या एका बिशपच्या खटल्यापासून चालत आलंय.

आणि पहाटपाखरू, तुझ्या कामाचं एक. राज्यघटनेचा मूळ अनुच्छेद ४५ म्हणत होता, की राज्य दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी 'शॅल एंडेव्हर'. शॅल आहे, पण कशाची सक्ती? प्रयत्न करण्याची! शिवाय मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात दाद मागता येत नाही. दहाची पन्नास वर्षं झाली. मग २००२ च्या शहाऐंशिव्या दुरुस्तीने २१-क आला, तिथे सहा ते चौदा वयासाठी 'द स्टेट शॅल प्रोव्हाइड'. एंडेव्हर गळला. पण त्याच वाक्याच्या शेपटाला 'इन सच मॅनर अ‍ॅज द स्टेट मे, बाय लॉ, डिटर्मिन' आहे. द्यायचंच, पण कसं ते ठरवायची मुभा. एका वाक्यात शॅल आणि मे दोन्ही, आणि दोघांना आपापलं काम आहे.

घटनेच्या मराठी पाठात या शॅलला साधा भविष्यकाळ येतो. चौदाव्या अनुच्छेदात समानता 'नाकारणार नाही' असं आहे. 'नाकारू नये' नव्हे. वजन कळलं ना?

तिखटमीठ | शुक्र, रात्री ९:०५

वकीलसाहेब, सुरेख. 'नाकारणार नाही' ऐकताना शपथ वाटते.

पहाटपाखरू | शुक्र, रात्री ९:४०

२१-क आणि ४५ ची जोडी आता जन्मात विसरणार नाही. पण आय आणि वुई असताना शॅल आणि बाकीच्यांना विल, हे आम्हाला अजून शिकवतात. ते खरं का?

निवृत्त_मास्तर | शनि, सकाळी ६:२५

तो नियम जॉन वॉलिस या माणसाने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. वॉलिस मूळचा गणिती. अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्ह त्यानेच रूढ केलं. प्रथमपुरुषी शॅल म्हणजे नुसतं भविष्य, विल म्हणजे निर्धार. द्वितीय-तृतीयपुरुषी नेमकं उलट. इंग्लंडमध्ये शाळामास्तरांनी तो पुढे लावून धरला, स्कॉटलंड-आयर्लंडने आणि अमेरिकेने फारसा मनावर घेतला नाही. त्यावर एक जुना विनोद आहे: बुडणारा स्कॉटिश माणूस ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' आणि काठावरचे इंग्रज त्याच्या निर्धाराचा मान राखून परत फिरतात.

आज बोलण्यात शॅल जिवंत आहे तो प्रश्नात: 'शॅल आय मेक टी?' करू का चहा? इथे विल घातलात तर स्वतःचं भविष्य दुसऱ्याला विचारल्यासारखं होतं. बाकी सगळीकडे विल चालतं. परीक्षेत जुना नियम विचारला तर जुनं उत्तर लिहून मोकळे व्हा.

करवंद | शनि, सकाळी १०:५०

सगळ्यांचे आभार. समितीत वाचून दाखवलं. काळाकोटांचा परिणाम लिहिण्याचा मुद्दा अध्यक्षांना भलताच आवडला. नोटीस अशी केली: 'द पार्किंग एरिया विल बी पेंटेड ऑन सॅटर्डे. ऑल व्हेइकल्स मस्ट बी मूव्ह्ड बाय एट ए.एम. व्हेइकल्स लेफ्ट बिहाइंड विल बी पेंटेड अराउंड.' शेवटचं वाक्य अध्यक्षांचं. शॅल मी मुद्दाम घेतलं नाही, सोसायटीच्या नोटिशीत पगडी घातल्यासारखं वाटतं.

काळाकोट | शनि, सकाळी ११:१५

मस्ट उत्तम. उपविधींमध्ये शॅल राहू दे, लिफ्टशेजारी मस्ट. आणि नोटिशीवर सही-तारीख असू दे.

खट्याळ_खार | शनि, सकाळी ११:२०

मस्टऐवजी 'मेंबर्स हॅड बेटर मूव्ह देअर व्हेइकल्स' कसं वाटतं? बेटर आहे म्हणजे सौम्यच.

शेंगदाणा | शनि, सकाळी ११:४२

खार, थांबा! हॅड बेटर सौम्य नाही, धमकी आहे. 'यू हॅड बेटर सबमिट इट बाय फ्रायडे' म्हणजे नाही दिलंस तर बघ. आमच्या एका मॅनेजरने अमेरिकेतल्या वरिष्ठ बाईंना 'यू हॅड बेटर अप्रूव्ह द बजेट' असं लिहिलं होतं. त्यांना म्हणायचं होतं 'मंजूर केलंत तर बरं होईल'.

तिखटमीठ | शनि, सकाळी ११:४८

पण पुण्यात 'बरं होईल' हीसुद्धा धमकीच असते. "सायकल दारासमोरून काढलीत तर बरं होईल." भाषांतर चोख होतं की.

बरं, अंदाजाच्या मस्टवर कुणी फारसं बोललं नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात नाजूक वाटतो. दुपारी बेल वाजली. मराठीत "कुरियरवाला असेल" म्हणून आपण मोकळे. खात्री वाढली की "कुरियरवालाच असणार", कमी असली की "कुरियरवाला असेलही कदाचित". म्हणजे वजन आपण च, ही, कदाचित, बहुतेक यांवर टाकतो. इंग्रजीत ते मोडलवर पडतं. 'दॅट विल बी द कुरियर': वाटच बघत होतो. 'मस्ट बी': दुसरं कोण असणार? 'शुड बी': यायची वेळ झालीय. 'मे', 'माइट', 'कुड': असू शकतो. मे आणि माइटमध्ये आजकाल फारसा फरक उरलेला नाही, उगाच टक्केवारीचे तक्ते पाठ करू नयेत.

आपल्याकडून गफलत होते ती नकारात. 'मस्ट बी'च्या उलट 'मस्टन्ट बी' नाही, 'कान्ट बी'. 'दॅट कान्ट बी द कुरियर, ही केम इन द मॉर्निंग.' आणि 'ही मस्ट नॉट बी नोइंग' हे तर खास आपलं देशी. नो ला आयएनजी नको हा वेगळाच मुद्दा.

शेंगदाणा | शनि, दुपारी १२:३०

बरंच सहमत, पण अमेरिकन लोक 'ही मस्ट नॉट नो' असं अंदाजाने सर्रास म्हणतात. ब्रिटिश कानाला खटकतं, चूक नव्हे.

सक्तीतला मस्टन्ट मात्र सगळीकडे एकच: मनाई. शनिवारी ऑफिसला यायची गरज नाही, हे सांगायला एका टीम लीडने 'यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे' लिहिलं आणि नव्या मुलीला वाटलं, नोकरी गेली. 'यू डोन्ट हॅव टू कम' हवं होतं. गंमत म्हणजे मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ सारखे, नकारात दोन टोकांना. आपलं "यायला नको" दोन्हीकडे वापरता येतं, सूर बघून समजतं. ईमेलला सूर नसतो.

मायक्रोमीटर | शनि, दुपारी ४:१०

'शुड हॅव'वर एक ओळ, मग मी गप्प. ऑडिटच्या उत्तरात 'द ऑपरेटर शुड हॅव चेक्ड' लिहिलं की त्यातच कबुली आली: तपासायला हवं होतं, तपासलं नाही. नव्या मुलांना वाटतं ते 'तपासलं असेल' आहे. त्याला 'मस्ट हॅव चेक्ड' किंवा 'मे हॅव चेक्ड'. एका शब्दाने स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देतात.

पहाटपाखरू | शनि, रात्री ९:१५

शेवटची शंका. नीड आणि डेअर हे मोडल की साधे? सराव प्रश्नांत 'ही नीड नॉट गो' आणि 'ही डझन्ट नीड टू गो' दोन्ही दिसतात.

निवृत्त_मास्तर | रवि, सकाळी ६:५०

दोन्ही बरोबर. हे दोघे काठावरचे. नकारात आणि प्रश्नात मोडलसारखे वागू शकतात: 'ही नीड नॉट गो', 'ही डेअर नॉट स्पीक', एस नाही, टू नाही. होकारात साधी क्रियापदं: 'ही नीड्स टू गो'. दोन्ही साच्यांची खिचडी केली की गुण गेले: 'ही नीड्स नॉट टू गो', 'ही डझन्ट नीड गो'.

यांतला बारकावा भूतकाळात आहे. पाहुणे बाकरवडी घेऊन आले तर 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट धिस'. आणलीत, पण गरज नव्हती. आपलं "अहो, कशाला आणलंत!" 'आय डिडन्ट नीड टू ब्रिंग एनिथिंग' यात आणली की नाही ते उघड होत नाही, बहुतेक वेळा आणलेली नसते.

खट्याळ_खार | रवि, सकाळी ९:०५

मास्तर, आता माझी खरीखुरी शंका, थट्टा नाही. डेक्कन क्वीनमध्ये एका बाईंनी विचारलं, 'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?' मी हसून 'येस, येस, शुअर' म्हटलं आणि त्या पुढे निघून गेल्या. असं का?

निवृत्त_मास्तर | रवि, सकाळी ९:३०

कारण त्यांनी विचारलं, 'मी बसले तर तुमची काही हरकत?' आणि तुम्ही दोनदा म्हणालात, 'आहे.' आणि सॅट ऐकलंत ना? बसायचं होतं आत्ता, क्रियापद गेलं मागे. उत्तर द्यायचं 'नॉट अ‍ॅट ऑल', आणि पिशवी उचलून मांडीवर घ्यायची.